जबाबातलं एक वाक्य

दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं बाहेर बसा. जबडा बधिर होऊ दे, मग बोलावतो." ती बाहेर येऊन बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर दातांचं मोठं चित्र होतं, मुळांसकट, आणि त्याच्याखाली एक गृहस्थ गाल धरून आपल्याच दुखण्यात बुडाले होते. हिरडीला मुंग्या आल्या, मग ओठ जड झाला, मग हनुवटीची डावी बाजू नाहीशीच झाली. तिने बोट लावून पाहिलं, तर दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याला हात लावल्यासारखं वाटलं आणि तिने तो पटकन मागे घेतला. बाकावर कुणीतरी वर्तमानपत्र टाकून गेलं होतं. वेळ घालवायला म्हणून तिने ते उचललं. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात एक बातमी होती. एका गोदामाला आग लावून आतल्या पहारेकऱ्याचा जीव घेतला, या आरोपावरून चौदाव्या वर्षी पकडलेला एक मुलगा बारा वर्षं आत राहून निर्दोष सुटला होता. आता त्याने पोलीस खात्यावर आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावला होता. रात्रभर झोपू न देता, आईला बाहेर काढून आपल्याकडून खोटा कबुलीजबाब घेतला, असं त्याचं म्हणणं होतं. सात वर्षं रखडलेली सुनावणी पुढच्या महिन्यात उभी राहत होती. खाली चौकटीत त्या जबाबातलं एक वाक्य छापलं होतं. 'आग बघताना मला आतून शांत वाटलं.'

ते तिला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. रस्त्यात समोरून येणाऱ्या परक्या बाईच्या अंगावर आपण विणलेला स्वेटर दिसावा आणि तो टाक्यावरून ओळखू यावा, तसं तिने ते ओळखलं. वाक्य त्या मुलाचं नव्हतं. तिचं होतं. समोरच्या गृहस्थांना काहीतरी म्हणावं, निदान "पंखा जरा कमी करता का" एवढं तरी, असं तिला फार वाटलं, पण तोंड उघडलं तर ओठाच्या कोपऱ्यातून नुसती लाळ आली. तेवढ्यात आतून हाक आली. मग चिमट्याचा थंड भार, हाडात कुठेतरी कुरकुर, आपल्या डोक्यातच कुणीतरी जुनं कपाट सरकवतंय असा आवाज. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवली. दुखत नव्हतं, हीच तर गंमत. "अहो, हा दात इतकी वर्षं कसा सांभाळलात? आतून पार पोकळ झालाय," असं म्हणून त्यांनी तो तिला दाखवला. तोंडात कापसाचा बोळा दाबून ती घरी आली.

घर म्हणजे चावीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दिवसभर खाली मशीन पितळेवर किंचाळायचं, मधेच गप्प व्हायचं, आणि त्या गप्प होण्यातच जास्त दचकायला व्हायचं. निवृत्त झाल्यापासून ती इथे होती. त्याआधी चौतीस वर्षं पोलीस ठाण्यात टंकलेखिका. तिथे तिला नावाने कुणी हाक मारली नाही, सगळ्यांचीच ती बाई. "बाईंकडे द्या", "बाईंना विचारा". हात मात्र नावाजलेला होता. मशीनकडे न बघता, एका कागदाखाली तीन कार्बन लावून ती पानंच्या पानं काढायची आणि चौथी प्रतसुद्धा वाचता यायची. शिवाय भाषा. लोक बोलतात तसं कागदावर चालत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिचं तिलाच कळलं होतं. कुणी म्हणायचा, "मी त्याच्या कानाखाली एक जाळ काढला." ती टाइप करायची, 'मी त्यास हाताच्या चापटीने मारहाण केली.' बायका रडत रडत दहा वेळा तेच सांगायच्या, त्याचं ती एक नीट वाक्य करायची. याला कुणी खोटं म्हणत नसे. "बाई, तुमच्यामुळे आमची अब्रू राहते कोर्टात," असं साहेब म्हणायचे. त्या मुलाच्या जबाबाच्या दिवशीही ती नुसती लोकांची वाक्यं सरळ करत होती, असं तिने पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं होतं. आता इंजेक्शन उतरत होतं आणि दाताच्या जागी ठणका सुरू झाला होता. खुर्चीत बसून ती एकेक करून तो दिवस आठवू लागली. आठवायला लागलं असंही नाही, तो तिथेच होता.

सकाळी दहाला ती कामावर गेली तेव्हा मुलगा आतल्या खोलीत बाकावर होता, आदल्या संध्याकाळपासून. गोदामाच्या आवारातले पुठ्ठे गोळा करायला तो जायचा, म्हणून कुणीतरी त्याचं नाव घेतलं होतं. एका पायात मोजा होता, दुसऱ्या पायात नव्हता. आईला वयाचा दाखला आणायला पाठवलं होतं. दाखला मिळणाऱ्या कचेरीला त्या दिवशी सुटी होती, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आई नसताना मुलाचा जबाब घ्यायचा नाही असा नियम होता, हेही. अकराला पहिला जबाब झाला. त्यात काडेपेटी होती. एकच्या सुमाराला निरोप आला की तपासणीत पेट्रोल निघालं, तेव्हा साहेबांनी तो फाडला. दुसऱ्यात पेट्रोल होतं, पण डबा कुठून आणला ते मुलाला सांगता येईना. साहेब विचारायचे, "सायकलच्या दुकानातून आणलास ना?" मुलगा म्हणायचा, "हो." "का पंपावरून?" मुलगा म्हणायचा, "हो." तोही फाडला. साहेब ओरडले नाहीत. मारलंही नाही, निदान तिच्यासमोर तरी नाही. ते फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, शांतपणे, आणि दर वेळी मुलगा थोडा आणखी लहान झाल्यासारखा दिसायचा. चार वाजता तिसरा जबाब तयार झाला. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचला. "बाई, कोरडा वाटतो हो. आग लावली, पळालो, संपलं. कोर्टाला याचं मन दिसलं पाहिजे. शेवटी एखादं टाका, त्याच्या मनातलं," असं म्हणून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

खोलीत ती आणि मुलगा दोघंच उरले. तो टेबलावर डोकं टेकून झोपला होता, तोंड किंचित उघडं, गालाखाली टाचणीची डबी. तिने कागद पुन्हा रोलरवर चढवला, शेवटची ओळ जुळवली. त्याच्या मनातलं. त्याच्या मनात काय असणार, तिला काय ठाऊक! बोटं मशीनवर ठेवून ती बसली, आणि वाक्य आलं. एका दमात, एकही अक्षर न चुकता. आग बघताना मला आतून शांत वाटलं. पूर्णविराम.

त्याच्या सात महिने आधी तिची आई गेली होती. नऊ वर्षं अंथरुणावर होती. ती नऊ वर्षं म्हणजे सकाळी सहाला उठून कूस बदलणं, पुसणं, भरवणं, दहाला ठाण्यात, दुपारी शेजारणीच्या हातापाया पडणं, संध्याकाळी परत कूस बदलणं. भाऊ दुसऱ्या शहरात होता. तो यायचा, आईचा हात हातात घेऊन बसायचा, त्याचे डोळे भरून यायचे, आणि चौथ्या दिवशी जायचा. आई गेली तेव्हा तो धाय मोकलून रडला. तो गेल्यावर गादी उरली. मधोमध खळगा पडलेली, कितीही उन्हात घातली तरी वास न जाणारी कापसाची गादी. ती कुणी फुकटसुद्धा नेईना. एका रविवारी सकाळी तिने ती ओढत मागच्या मोकळ्या जागेत नेली, रॉकेल टाकलं आणि काडी लावली. कापूस आधी नुसताच धुमसला, पांढरा जाड धूर, मग खळग्यातून ज्वाळा वर आली. ती उभी राहिली. रडू आलं नाही. आई आठवली नाही. छातीत नऊ वर्षं आवळून धरलेलं काहीतरी एकेक बोट सोडत गेलं आणि मग तिथे काहीच उरलं नाही, नुसती मोकळी, स्वच्छ जागा. राख होईपर्यंत ती तिथे होती. मग आत जाऊन दुपारी चार तास झोपली, आणि उठल्यावर त्या झोपेची तिला इतकी भीती वाटली की हे कधीही कुणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं. ठरवलं ते पाळलंही. फक्त त्या दिवशी चार वाजता, झोपलेल्या मुलासमोर, साहेब फोनवर असताना, ते बोटांतून निघून गेलं. चार प्रतींत.

साहेबांनी वाचलं आणि त्यांच्या तोंडून नुसतं "वा!" निघालं. मुलाला हलवून उठवलं. "वाच आणि सही कर." त्याने खरंच वाचलं, ओळीखाली बोट धरून, शाळेत वाचतात तसं. दुसऱ्या परिच्छेदात थांबला. "इथे वेलांटी दुसरी हवी," तो म्हणाला. आपण पोराच्या गळ्यात फाशीचा दोर घालतोय आणि तेच त्याची गाठ नीट करून देतंय, असं तेव्हा तिच्या मनात आलं नाही. तेव्हा तिला रागच आला, कारण चूक खरोखरच होती आणि चारही प्रतींवर पांढरी शाई लावून फुंकर घालत बसावं लागलं. मग तो शेवटच्या ओळीशी आला. "हे मी म्हटलं?" "मघाशीच नाही का म्हणालास? झोपेत होतास अर्धा," साहेब म्हणाले. मुलाने तिच्याकडे पाहिलं. "काकू, मी म्हटलं हे?" तिने हो म्हटलं नाही. एकोणीस वर्षं ती याच फांदीला धरून होती, की आपण हो म्हटलं नाही. ती म्हणाली, "सही कर बाळ, मग घरी सोडतील." त्याने सही केली. नावाखाली रेघ मारली, तिच्याखाली दोन टिंबं दिली.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. आरोपी वयाने लहान असला तरी या एका ओळीवरून त्याच्या मनाची घडण दिसते, असं काहीतरी ते म्हणाले, आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी ती ओळ छापली. तिने ती छापलेली पाहिली तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला, तो भीतीने नव्हता. तिचं लिहिलेलं आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं होतं. ही गोष्ट आता, खुर्चीत, सुजलेल्या गालावर हात ठेवून आठवताना तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली. पुढे बारा वर्षांनी गोदामाच्या मालकाचा भागीदार दुसऱ्याच प्रकरणात सापडला, त्याने ही आगही कबूल केली, मुलगा सुटला. ते वाचून ती म्हणाली होती, "बरं झालं बाई, सुटला एकदाचा." आणि उठून चहा टाकला होता.

भावाचा फोन दर रविवारी यायचा. तिने त्याला एवढंच सांगितलं की त्या जुन्या प्रकरणात साक्ष द्यावी म्हणतेय. "तुझं नाव आहे त्यात?" "नाही. कोपऱ्यात दोन आद्याक्षरं आहेत, ती कुणाला लागायची नाहीत." "मग झालं तर! ताई, सरळ चाललंय तुझं, कशाला विकतचं दुखणं घेतेस?" ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर खालचं मशीन बंद असल्याचं तिच्या लक्षात आलं. रविवार होता. इतकी शांतता, की भिंतीतल्या नळातून कुणाचं तरी पाणी जाताना ऐकू येत होतं. असं कुणाचं तरी पाणी ऐकत आपण बरीच वर्षं बसलो आहोत, असं तिला वाटलं.

बुधवारी ती साहेबांकडे गेली. त्यांना विचारल्याशिवाय काही करावं हे तिच्या हाडात नव्हतं. साहेब थकले होते, स्वेटरच्या बाह्या लोंबत होत्या, कुंड्यांतली माती खुरप्याने उकरत होते. तिला बघून खरोखर आनंदले. "बाई! या, या. अहो, तुमच्यानंतर एक धड टायपिस्ट मिळाला नाही ठाण्याला." सुनेला चहा सांगितला. दाव्याचं निघालं तेव्हा त्यांचा चेहरा मात्र खरोखर दुखावल्यासारखा झाला. "मी त्या पोराला एक बोट लावलं नाही. तुम्ही होतात ना तिथे?"

"होते. साहेब, ते शेवटचं वाक्य..."

"कुठलं?"

"शांत वाटलं, ते. ते मी घातलं होतं. तुम्ही म्हणालात, काहीतरी टाका."

साहेबांनी खुरपं खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहून हसले, वडीलधारा माणूस हसतो तसे. "वय झालं बाई तुमचं. ते त्याचंच होतं. मला पक्कं आठवतंय, मान खाली घालून म्हणाला. भागीदार सुटायला म्हणून काही का कबूल करेना, मी आजही सांगतो, पोराला काहीतरी ठाऊक होतं. अहो, असं वाक्य टेबलाशी बसून कुणाला बनवता येतं का? ते भोगलेल्या माणसाच्याच तोंडून येतं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. त्यांनी इतक्या वेळा, इतक्या जणांना सांगितलं होतं की आता त्यांच्या डोळ्यांसमोर तो मुलगा मान खाली घालून ते म्हणत होता. म्हणजे ती सोडली तर जगात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत गचकली असती तर ते वाक्य कायमचं त्या मुलाचं झालं असतं. आणि या सगळ्यात, 'भोगलेल्या माणसाच्याच तोंडून येतं' हे ऐकून आत कुठेतरी एक क्षणभर तिला बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्याला ओळखल्यासारखं. ती उठली. "येते मी, साहेब." "परत या," साहेब म्हणाले. ती परत जाणार नव्हती, आणि तिला वाटलं, त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते फाटकापर्यंत आले आणि तिथे उगाचच खुरपं हातात घेऊन उभे राहिले.

मुलाची बाजू लढवणाऱ्या वकीलबाई तिच्या भाचीच्या वयाच्या होत्या. तिने सगळं सांगितलं, तीन मसुदे, सुटीच्या दिवशी आणायला लावलेला दाखला. वकीलबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "मावशी, वाक्य तुमचं हे मी मानते. पण समोरचा वकील विचारणार, कशावरून? तुम्हाला ते सुचलं कुठून?" तिने नजर वळवली. खिडकीत कुणीतरी सुकलेल्या पेनांचा एक पेला भरून ठेवला होता. मग ती म्हणाली, "ते मी तिथेच सांगेन. एकदाच सांगू शकेन."

साक्षीच्या दिवशी तिने त्याला पाहिलं. तेहतीस वर्षांचा माणूस, कपाळावरून केस मागे गेलेले. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात काम करतो असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. स्वतःला चष्मा नव्हता. तो तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होता. साहेब दुसऱ्या बाजूला, सुनेने इस्त्री करून दिलेल्या शर्टात. तिने सांगितलं. खात्याचे वकील सावकाश उठले. एकोणीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य तुम्हाला इतकं कसं लक्षात, सुचलं कुठून, असं त्यांनी विचारलं, आणि ती गादीबद्दल बोलली. कोर्टातला टंकलेखक पोरसवदा होता, कानाला यंत्र लावून भराभर टाइप करत होता. तिची नजर त्याच्या बोटांवर होती. तो काही सरळ करत नव्हता, येईल तसं घेत होता.

"म्हणजे," वकील म्हणाले, "नऊ वर्षांच्या आजारपणानंतर आई गेली आणि तुम्हाला बरं वाटलं, असं तुमचं म्हणणं?"

"बरं नाही. शांत."

"त्यात काही फरक आहे?" हे न्यायाधीशांनी विचारलं, खवचटपणे नाही.

"आहे," ती म्हणाली. "बरं वाटलं असतं तर मी कुणाला तरी सांगितलं असतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. तिने पिंजऱ्याचा कठडा धरला होता, त्यावरचं तेलकट लाकूड हाताला लागत होतं. खाली उतरताना हलकं वाटलं नाही. इतकी वर्षं जपलेली गोष्ट आता सगळ्यांच्या हातात होती आणि ती फार छोटी दिसत होती. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला, रविवार नसताना. "आईबद्दल? भर कोर्टात? पेपरात आलंय, कळतंय का तुला? तिच्या तोंडात कधी तुझ्याबद्दल वावगा शब्द नव्हता." "हो," ती म्हणाली. "नऊ वर्षं केलंस आणि शेवटी हे बोललीस." मग तो रडायला लागला. ती ऐकत राहिली. त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही. अकराच्या सुमाराला ती फोनजवळची पुस्तकं नीट लावायची, मग पुन्हा लावायची, मग भाजी आणायला जायची. चावीवाला एकदा म्हणाला, "काय आजी, पेपरात नाव!" आणि पुढे काय बोलावं हे न सुचून एका चावीला कानस लावत बसला.

निकाल दोन महिन्यांनी लागला. जबाब दबावाने घेतला होता, आईला जाणूनबुजून दूर ठेवलं होतं, त्यातला मजकूर मुलाचा नव्हता. खात्याने भरपाई द्यावी आणि लेखी माफी मागावी. साहेबांच्या वकिलांनी अपिलात जाऊ म्हणून तिथल्या तिथे सांगितलं. साहेब आले नव्हते. तिलाही कुणी बोलावलं नव्हतं, ती आपली जाऊन मागे बसली होती. बाहेर लांब वऱ्हांड्यात वकीलबाईंच्या भोवती घोळका झाला. ती टोकाच्या बाकावर बसली, गर्दी ओसरली की जिना उतरू म्हणून. समोरच्या खोलीत कुणीतरी फायलींचे गठ्ठे दोरीने बांधत होतं. पावलं वाजली आणि तो येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. त्याच्या बोटांच्या पेरांत काचेचा पांढरा भुगा होता.

"अभिनंदन," ती म्हणाली, आणि हा काय शब्द, असं तिला लगेच वाटलं.

"हं."

"मला माफी..." तिने सुरुवात केली.

"ते नको," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नको असलेली भाजी ताटात वाढू नका म्हणावं तसा होता. "ते मला जमेल असं वाटत नाही. मी दुसऱ्या कामाने आलोय." तो समोर बघत बोलत होता. "आत एक समुपदेशक होत्या. चांगल्या होत्या. महिन्यातून एकदा बसवायच्या आणि विचारायच्या, ते शांत वाटणं कसं होतं, सांग. पहिल्यांदा मी म्हटलं, नव्हतंच. मग त्या लिहायच्या, अजून कबूल करत नाही. मग मी सांगायला लागलो. दर वेळी थोडं जास्त. ज्वाळा कशा होत्या, तोंडावर धग कशी लागत होती. चारपाच वर्षांनी मला ते आठवायलाच लागलं. मी आग पाहिलेली नाही हो, पण आठवते. अजून आठवते. आज त्यांनी वाचून दाखवलं, वाक्य तुमचं, मजकूर पोलिसांचा. मग माझं काय होतं? ठाण्यात मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं? ते मला आठवत नाही. आई गेली. ताईला विचारलं तर ती उठून जाते. तुम्ही सकाळपासून होता ना तिथे?"

"होते."

"काय म्हणालो होतो मी?"

तिला काही आठवावं लागलं नाही. "तुम्ही म्हणालात, मी घरी होतो," ती म्हणाली. "अकरा वेळा तरी म्हणालात. साहेबांनी विचारलं, घरी काय करत होतास? तू म्हणालास, ताईला ताप होता, दिवे गेले होते, म्हणून आम्ही खेळत होतो. एकाने अक्षर द्यायचं, दुसऱ्याने त्यावरून प्राणी सांगायचा. ज्याला नाही येणार त्याने जेवणाची भांडी घासायची. तू म्हणालास, मी जिंकत होतो, तर ताईने मुद्दाम 'ण' दिला. 'ण'वरून कुठलाच प्राणी नसतो, ही लबाडी आहे, म्हणून मी तिचं पांघरूण ओढलं, आणि आमचं भांडण चाललं होतं तेवढ्यात बाहेर लोक आग आग म्हणून ओरडायला लागले." ती थांबली. "साहेब खूप हसले. हवालदारही हसले. मी हसले नाही. मला कळलं होतं. इतकं वेडगळ खोटं कुणी बोलत नाही. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी मशीनमध्ये कागद घातला."

समोरच्या खोलीतल्या माणसाने गठ्ठ्यावर गुडघा टेकवून दोरी करकचून ओढली. वऱ्हांड्यातून वकीलबाईंनी त्याला हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. त्याचे ओठ हलत होते. आवाज न करता तो काहीतरी शोधत होता, अक्षर घोळवत होता, आणि कपाळावर चौदा वर्षांच्या मुलाची आठी आली होती.

"मग भांडी कुणी घासली?" त्याने विचारलं.

"ते तू सांगितलं नव्हतंस."

तो विचार करत राहिला. मग मान वर न करता, अगदी हळू म्हणाला, "मीच घासली असणार. ताईला ताप होता ना."